रक्तदानाला येऊन परतलेल्या बायकांना चिठ्ठी तरी द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आमच्या वाड्यावर देवळाच्या सभामंडपात रक्तदान शिबिर झाले. मी नवव्यांदा रक्त दिले, पण हे पत्र माझ्या जावेसाठी आहे. ती पहिल्यांदाच आली होती. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब निळ्या पाण्यात सोडला. तो बुडायला हवा होता, वरच तरंगला. "रक्त कमी आहे, पुढच्या वेळी या," एवढे सांगून तिला उठवले. रक्त दिले नाही म्हणून तिने बिस्किटांनाही हात लावला नाही. तासाभरात आणखी चार जणी अशाच माघारी गेल्या. एकीने मला बाजूला घेऊन विचारले, "मला काही मोठं दुखणं तर नाही ना गे?"

रक्तदात्याचे हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम असावे लागते. नियम योग्यच आहे, त्यात सूट कोणी मागू नये. पण बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले की त्याला रक्तक्षय म्हणतात. म्हणजे थेंब तरंगला तर आकडा १२.३ असू शकतो, नाहीतर ८ सुद्धा. पहिलीने फार घाबरायला नको. दुसरीने त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायला हवा. निळ्या पाण्यात हा फरक दिसत नाही, आणि नीट तपासून घे असे तिला कोणी सांगतही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्यातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ३९ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. सगळ्यांची जेवणे उरकल्यावर पानावर बसणारी, धाप लागली तरी कामाने दमले म्हणणारी बाई आपणहून रक्त तपासायला कधी जाते? त्या दिवशी ती आपल्या पायांनी आली होती आणि समोर डॉक्टर बसले होते!

शिबिरात एक छापील चिठ्ठी ठेवा: जवळच्या आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन मोजून घ्या, गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. जेवणावर लगेच चहा नको, तांबडी भाजी खाताना लिंबू पिळा, हे सांगायला एखादी नर्स पुरे. याला खर्च तो किती?

यात रक्तपेढीचाही फायदा आहे. पुरुषाला तीन महिन्यांनी आणि बाईला चार महिन्यांनीच पुन्हा रक्त देता येते, आणि पेढीत साठवलेल्या लाल पेशी फार तर ४२ दिवस टिकतात. दर शिबिरात तेच तेच चेहरे दिसतात. नवीन माणसे यायला हवीत, आणि आलेली अशी कायमची तुटायला नकोत.

जावेला मी मंगळवारी आरोग्य केंद्रात नेले. १०.१ निघाले, गोळ्या सुरू झाल्या. बाकीच्या चौघींची नावे शिबिराच्या वहीत आहेत. आयोजकांनी त्यांच्या घरी कोणाला तरी पाठवावे, ही कळकळीची विनंती.

– एक रक्तदाती, साखळी