माकडतापाचा विचार रानापासून व्हावा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

काजूचा हंगाम तोंडावर आला की आमच्या सावंतवाडी-दोडामार्गाच्या गावांतून गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या माकडतापाची चर्चा सुरू होते, रक्ताचे नमुने घेतले जातात, अंगाला लावायच्या तेलाच्या बाटल्या वाटल्या जातात आणि पावसाच्या पहिल्या सरींबरोबर सगळे शांत होते. २०१६ साली दोडामार्ग तालुक्यातील केर गावात हा आजार आढळला, पुढच्याच वर्षी बांदा परिसराने त्याचा मोठा तडाखा सोसला आणि तेव्हापासून हाच क्रम चालू आहे. मी काजू बागायतदार आहे. आरोग्य कर्मचारी आणि आशासेविका जिवापाड राबतात हे मी जवळून पाहिले आहे, त्यामुळे तक्रार त्यांच्याविषयी नाही. मात्र हा आजार रुग्ण दवाखान्यात येण्याच्या कितीतरी आधी रानात आणि गोठ्यात सुरू होतो आणि तिकडे आपले लक्ष जात नाही, म्हणून हे पत्र.

कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात १९५७ साली माकडे पटापट मरू लागली आणि माणसेही तापाने फणफणली, तेव्हा आफ्रिकेतला पीतज्वर भारतात शिरला की काय, अशी शंका शास्त्रज्ञांना आली होती. तोच हा माकडताप. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्याचा विषाणू वेगळा असून गोचिडींतून पसरतो हे दाखवून दिले. तेथे काम करणारे होर्हे बोशेल यांनी १९६९ साली मांडलेला विचार मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यांचे म्हणणे असे की विषाणू रानात पूर्वीपासूनच असावा. पण वस्ती वाढली, जंगल तुटून त्याच्या कडा वाढल्या, त्या कडांवर घाणेरीचे रान माजले आणि गुरे चरायला आत जाऊ लागली, तेव्हा गोचिडींना पूर्वी कधी न मिळालेले भरपूर अन्न मिळाले. गुरांना माकडताप होत नाही, परंतु प्रौढ मादी गोचीड त्यांचेच रक्त पिऊन टम्म फुगते आणि पाचोळ्यात अंडी घालते. त्यांतून निघालेली पिल्ले उंदीर, चिचुंद्री, पक्षी आणि माकडे यांच्यावर वाढतात आणि विषाणू तिथेच फिरत राहतो. माकड बिचारे स्वतःच या आजाराने मरते. त्याला गुन्हेगार ठरवून हुसकावून लावण्यात अर्थ नाही.

आमच्याकडे पातेरा गोळा करण्याची जुनी रीत आहे. बायका थंडी ओसरता ओसरता डोंगरात जातात, वाळका पाला झाडून त्याचे भारे बांधतात आणि तो गोठ्यात गुरांखाली पसरतात, म्हणजे पुढे शेतीला खत होते. माणसाला चावणारी गोचीड असते ती अर्धवट वाढलेली, तिळाएवढीही नसेल अशी, आणि ती नेमकी याच दिवसांत याच पाल्यात असते. घरी आल्यावर मानेवर, काखेत खाज सुटते, तेव्हा कुठे ती दिसते. पायात बूट नाहीत आणि बोंडू (काजूची फळे) वेचायला वाकल्याशिवाय गत्यंतर नाही, अशा माणसाला ‘जंगलात जाऊ नका’ हा सल्ला कसा पाळता येणार?

जंगलांच्या ऱ्हासाने सगळेच आजार वाढतात, असे सरसकट म्हणणे मात्र बरोबर होणार नाही. २०२४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात जगभरच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात जैवविविधतेचा ऱ्हास हा संसर्गजन्य रोग वाढवणाऱ्या कारणांत सर्वांत वरचा ठरला, तर शहरीकरणाच्या ठिकाणी उलट धोका कमी झालेला दिसला. प्रत्येक आजाराचे गणित वेगळे असते. आपल्या भातखाचरांतला लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा ताप उंदरांच्या मुतातून येतो, त्याला रानाशी फारसे देणेघेणे नाही. माकडतापाचे मात्र तसे नाही. पश्चिम घाटात अलीकडे झालेल्या अभ्यासांतही, सदाहरित जंगल, बागायत आणि गुरे यांची जिथे सरमिसळ आहे तिथेच धोका अधिक आढळला, आणि हे वर्णन आमच्या तालुक्यांना तंतोतंत लागू पडते.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ साली सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीला बंदी केली, तरी रबरासाठी आणि अननसासाठी डोंगर मोकळे झालेले आम्ही डोळ्यांनी पाहतो. १९९० नंतर फळबाग योजनेत आमच्याही घराने रान तोडून काजू लावला, हे मी लपवत नाही. काजूवर आमची चूल पेटते. पण पुढे जे तोडायचे आहे त्याचा निर्णय केवळ महसूल आणि वन विभागाने घेऊ नये. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचे लेखी मत त्यात बंधनकारक असावे आणि उरलेले जंगल तुकड्यातुकड्याने न राहता सलग राहील, एवढे पाहिले जावे. प्रौढ गोचीड गुरांच्या अंगावर चढते ती भर पावसाळ्यात, म्हणून पशुसंवर्धन विभागाने गुरांना औषध लावण्याची मोहीम जुलै-ऑगस्टमध्ये घ्यावी. जानेवारीत धावपळ करून फार उशीर झालेला असतो.

गेल्या हंगामात आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला एक मेलेला वानर दोन दिवस तसाच पडून होता. मेलेल्या माकडाला हात लावू नये, कारण त्याचे शरीर गार पडले की गोचिडी उतरून आसपास पसरतात, एवढे सगळ्यांना ठाऊक होते. पण कळवायचे कोणाला, वनखात्याला की आरोग्य केंद्राला, हे कोणालाच सांगता येईना. तेवढा एक फोन क्रमांक नोव्हेंबरपूर्वी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिला जावा आणि कोणत्या गावात किती माकडे मेली याची नोंद त्याच फलकावर दर आठवड्याला लावली जावी, अशी आपल्या दैनिकामार्फत जिल्हा प्रशासनाला माझी विनंती आहे.

आपला,
एक काजू बागायतदार
ता. सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग