आवाहन : आपल्या विद्यालयाच्या रग्बी क्लबला हातभार लावा

सर्व ग्रामस्थ, पालक, आजी-माजी विद्यार्थी आणि नोकरीधंद्यानिमित्त पुण्या-मुंबईस स्थायिक झालेले आपले बांधव यांस सप्रेम नमस्कार.

यंदाच्या शालेय क्रीडा स्पर्धांत आपल्या विद्यालयाच्या सतरा वर्षांखालील मुलींच्या रग्बी संघाने आधी जिल्ह्यात व नंतर कोल्हापूर विभागात विजेतेपद मिळवून राज्यस्तरापर्यंत मजल मारली, हे आपणांस ठाऊक आहेच. मुलांचा संघ विभागाच्या अंतिम सामन्यात सतरा विरुद्ध पंधरा अशा गुणांनी हरला. ट्राय (चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या गोलरेषेपलीकडे जमिनीवर टेकवणे, पाच गुण) दोन्ही संघांचे तीन-तीनच होते. प्रतिस्पर्ध्यांची एक कन्व्हर्जन किक (ट्रायनंतर मिळणारी दोन गुणांची किक) गोल पोस्टच्या दांडीवरून गेली आणि आपल्या तिन्ही किका हुकल्या, एवढाच काय तो फरक. मुली परतल्या त्या संध्याकाळी हलगी वाजली, गुलाल उधळला गेला, ट्रॅक्टरवरून मिरवणूक निघाली. त्या गर्दीतील निम्म्या मंडळींनी पावसाळ्यात एकदा तरी मैदानाकडे फेरी मारली असती तर हे पत्रक काढावे लागले नसते, असे कार्यकारिणीच्या सभेत एक सदस्य बोलून गेले. ते वाक्य इतिवृत्तात घेतलेले नाही, परंतु कोणी खोडूनही काढले नाही.

हे यश कोणामुळे मिळाले, ते सांगितल्याशिवाय पुढे जाणे कृतघ्नपणाचे ठरेल. ज्यांचा उल्लेख येथे येत आहे त्यांनी नावे छापू नयेत असे बजावले आहे. गावाला ती वेगळी सांगावी लागणार नाहीत. पहिला मान आपल्या सुभेदारसाहेबांचा. सैन्यातील सेवेत ते स्वतः रग्बी खेळले आणि निवृत्तीनंतर, शेतीची कामे तुंबलेली असतानाही, रोज पहाटे साडेपाचला मैदानावर उभे राहिले. दुसरा मान तालमीच्या वस्तादांचा. आपल्या मुलांना पट काढणे लहानपणापासून अंगवळणी पडलेले असल्यामुळे पळत्या खेळाडूच्या मांड्यांना मिठी घालून त्याला खाली आणणे, म्हणजेच टॅकल, त्यांना फारसे शिकवावे लागले नाही. अडचण निराळीच होती. कुस्तीत एकदा धरलेला गडी सोडायचा नसतो आणि रग्बीत तो जमिनीवर आला की ताबडतोब सोडावा लागतो, नाहीतर पेनल्टी बसते. सुरुवातीच्या सराव सामन्यांत आपण बहुतेक पेनल्ट्या याच एका सवयीपायी दिल्या. अखेर वस्ताद स्वतः मैदानावर आले आणि महिनाभर रेषेवर उभे राहून प्रत्येक टॅकलनंतर ‘सोड!’ म्हणून ओरडत राहिले. आयुष्यभर ‘सोडू नको’ हेच शिकवलेल्या माणसाने हे काम आनंदाने अंगावर घेतले, याचे मोल पैशात करता येणार नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी मैदानात शिरते आणि नेमका तोच सरावाचा काळ असतो. देवस्थान समितीने मंगल कार्यालयाचा मंडप विनामूल्य उघडून दिला म्हणून चेंडू मागे पास देण्याचा (रग्बीत तो हाताने पुढे देता येत नाही) सराव एक दिवसही चुकला नाही. टॅकलच्या पिशव्या विकत घेणे परवडणारे नव्हते. भातगिरणीच्या मालकांनी तूस दिले, महिला बचत गटाने तागाची पोती दुहेरी शिवून दिली आणि त्याच पिशव्या वर्षभर पुरल्या. दूध संस्थेने सरावानंतर प्रत्येकी अर्धा लिटर दूध दिले. टेम्पोवाल्या मामांनी सांगलीच्या सराव सामन्यासाठी डिझेलचेसुद्धा पैसे घेतले नाहीत. मुलींना हाफ पँटवर खेळू द्यावे की नाही यावर कुजबुज सुरू झाली, तेव्हा मुख्याध्यापिकाबाई घरोघरी जाऊन बसल्या. दहावीला मिळणाऱ्या क्रीडा गुणांचा शासन निर्णय त्यांनी पालकांना वाचून दाखवला आणि गावातल्या दोन पोलीस भरती झालेल्या मुलींना सोबत नेले, त्यानंतर एकही मुलगी संघातून गळाली नाही. वेल्डिंगच्या कारखानदारांनी दोन खांबांत 5.6 मीटर अंतर आणि आडवी दांडी 3 मीटर उंचीवर, असे नियमाबरहुकूम गोल पोस्ट मजुरी न घेता बनवून दिले. मात्र पाइपासाठी लागणारी रक्कम उशिरा जमल्याने ते विभागीय स्पर्धेच्या तोंडावर उभे राहिले. तोवर मुले दोन बांबूंच्या मधून ड्रॉप किक (हातातून सोडलेला चेंडू जमिनीवर टेकून उसळताच मारायची किक; कन्व्हर्जन हीच असते) मारत होती. अंतिम सामन्यात काय हुकले, ते वर आलेच आहे.

आता थोडे मनातले. गतवर्षीही असेच आवाहन ग्रामपंचायतीच्या फलकावर लावले होते. त्यास मिळालेल्या प्रतिसादाबद्दल न बोललेले बरे. एका संस्थेने जाहीर सभेत गणवेश देण्याचा शब्द दिला, टाळ्या घेतल्या आणि पुढे आमचे फोन घेणे बंद केले. उन्हाळ्यातल्या टेनिस बॉल क्रिकेटला चषक पुरस्कृत करण्यासाठी गावात चढाओढ लागते. त्याबद्दल तक्रार नाही, पण ‘हा इंग्रजांचा खेळ आपल्याला कशाला’ हे वाक्य मात्र आम्हांलाच ऐकवले जाते, जणू क्रिकेट आपल्या जोतिबाच्या डोंगरावर जन्मले. मुंबईत हा खेळ कित्येक दशके चालू आहे. सात-सात खेळाडूंचा रग्बी 2016 मध्ये रिओ ऑलिम्पिकमध्ये आला आणि फिजीसारख्या चिमुकल्या देशाने आपले पहिलेवहिले ऑलिम्पिक सुवर्ण त्यातच मिळवले. 2025 च्या जूनमध्ये अंधेरीला रग्बी प्रीमिअर लीग झाली, ती आपल्या मुलांनी वसतिगृहातल्या एका मोबाइलवर दाटीवाटीने पाहिली. शिवाय हा जिल्हा वर्गणीला कधी परका नव्हता. 1952 साली खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले, तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले आणि खाशाबा कांस्यपदक घेऊन परतले. आम्ही कोणाला घर गहाण ठेवण्यास सांगत नाही.

जूनपासून चौदा वर्षांखालील संघही उतरवायचा आहे आणि तेच चार-पाच हितचिंतक दरवर्षी किती भार उचलणार, हा प्रश्न आहे. एकंदर गरज 1,60,000 रुपयांची असून त्यात पाच नंबरचे व लहान मुलांसाठी चार नंबरचे चेंडू, प्रत्येक खेळाडूस दातांचे गार्ड (हे नसेल तर सुभेदारसाहेब मैदानात उतरू देणार नाहीत), स्टडचे बूट, गोल पोस्टभोवतीचे फोमचे पॅड, प्रथमोपचार पेटी, विमा आणि प्रवास हे सर्व आले. रक्कम 31 मेपर्यंत विद्यालयाच्या कार्यालयात सकाळी 11 ते दुपारी 4 या वेळेत, रविवार वगळून, रोख अथवा धनादेशाने द्यावी, क्लबच्या खात्याचा तपशील व क्यूआर कोड कार्यालयाच्या खिडकीवर लावला आहे, पावती घेतल्याखेरीज कोणाच्याही हाती पैसे देऊ नयेत, बाहेरगावच्यांनी रक्कम पाठवताना आपली दहावीची तुकडी व वर्ष लिहावे म्हणजे पावती पाठवणे सोपे जाईल, जमाखर्च ऑगस्टच्या सर्वसाधारण सभेत वाचला जाईल. पैसे देणे शक्य नसेल त्यांनी सामन्याच्या दिवशी केळी, उकडलेली अंडी किंवा वाहन द्यावे. वापरलेले पण धड असलेले स्टडचे बूटही चालतील. मात्र ते धुऊन, जोडी बांधून आणि आत नंबर लिहून आणावेत, कारण मागच्या खेपेस आलेल्या पोत्यात तीन बूट डाव्या पायाचेच निघाले.

आपला नम्र,
सचिव, विद्यालय रग्बी क्लब
(कार्यकारिणीच्या वतीने)