आबिस्को ठरलं

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

तुम्ही इकडे आलात की डोंगरात चालायला कुठे जायचं, ते ठरलं. बाबा, तुम्ही पाठवलेला बेसेगेनचा फोटो मिळाला. तीनदा मिळाला. एका बाजूला हिरवं तळं, दुसऱ्या बाजूला निळं आणि मधून दगडाची धार. देखणं आहे, वादच नाही. पण नॉर्वेतल्या त्या वाटेवर बोट पलीकडे सोडते आणि दिवसभर डोंगरावरून चालत परत यायचं असतं. चढ हजार मीटरच्या वर, काही ठिकाणी हात टेकून. मधेच गुडघा बोलायला लागला तर पुढे जाणं आणि मागे फिरणं सारखंच. अजिंक्यतारा उतरताना तुम्ही दोनदा बसलात हे मला कळलंय. आईवर चिडू नका, मीच खोदून विचारलं.

स्वीडनमधल्या सारेकचं नाव तर काढूच नका. तिथे आखलेली वाट नाही, मुक्कामाला झोपडी नाही, ओढे-नद्या बुटं काढून ओलांडायच्या. तुम्ही मला हरिश्चंद्रगडावर नेलंत तेव्हा पस्तिशीत होतात.

माझ्या मनात फिनलंडचं ओउलांका होतं. झुलते पूल, बारा किलोमीटरचा गोल फेरा, सगळं छान. पण मागच्या जुलैत मी तिथे डासांसकट उपमा खाल्लाय. शिवाय लाकडी पायऱ्या इतक्या की उतरताना माझेच गुडघे कुरकुरले.

तेव्हा आबिस्को. स्वीडनच्या अगदी उत्तरेला, सारेकबरोबरच 1909 साली झालेलं राष्ट्रीय उद्यान. स्टॉकहोमहून रात्रीची गाडी जाते, सतरा-अठरा तास लागतात. स्लीपरचा डबा आहे, म्हणजे आईला घरच्यासारखं. गाडी उद्यानाच्या दारातच थांबते. बाबा, तुमच्यासाठी खास म्हणजे त्याच रुळांवरून किरुनाच्या खाणीतलं लोखंडाचं खनिज नॉर्वेतल्या नार्विक बंदराला जातं, 1903 पासून. 68 वाघिणींची मालगाडी, पाऊण किलोमीटर लांब. रेल्वेतून रिटायर झालेला माणूस डोंगर बघेल की वाघिणी मोजेल, यावर आईशी माझी पैज लागली आहे.

पावसाचीही काळजी नको. नॉर्वेकडचे डोंगर ढग अडवतात आणि आबिस्को कोरडं राहतं, वर्षाला जेमतेम 300 मिलिमीटर. महाबळेश्वर भिजतं आणि माण-खटाव वाट बघत बसतं, तोच प्रकार.

वाट नदीच्या काठाने जाते. सुरुवातीला घळ आहे, पाणी काळ्या खडकात घुसून आवाज करत जातं. मग बुटक्या बर्चच्या झाडांतून जवळजवळ सपाट. जिथे दलदल आहे तिथे दोन-दोन फळ्या शेजारी टाकल्यात, त्यांवरून चालायचं. पाय पडला की फळी किंचित दबते आणि खालून चुळ्ळ असा आवाज येतो. आईला ते आवडेल, लग्नातल्या नव्या चपलांसारखं. पलीकडे लापोर्टेन दिसतं, हिमनदीने खरवडून केलेली खिंड, थेट परातीच्या कडेसारखी गोल. याच वाटेने चारशेहून अधिक किलोमीटर चालत हेमावानला जाता येतं. आपण दोन तास जायचं, दगडावर बसून डबा खायचा, वाटलं तर पुढे, नाहीतर मागे.

जायचं ऑगस्टमध्ये. मध्यरात्रीचा सूर्य जुलैतच संपतो, तो हुकेल. पण डासही कमी झालेले असतील आणि बाबांना रात्री दोनला उन्हात फिरायला जायचं सुचणार नाही. दिवसा दहा-बारा अंश असेल, तेव्हा कानटोपी आणा, इथे विकत घेऊ म्हणू नका.

आई, श्रावणी सोमवार येतील, म्हणून भगर आण. एरवीसाठी थालीपिठाची भाजणी आण, मेतकूटही. तूप मात्र आणू नकोस, पेढेही नकोत. दुधाचा कुठलाच पदार्थ युरोपात आणू देत नाहीत, विमानतळावर काढून घेतील आणि तुझं तोंड उतरेल. मी इथल्या बिनमिठाच्या लोण्याचं तूप कढवते, बेरीसुद्धा निघते.

बाबा, बूट आत्ताच घ्या आणि रोज घालून चारभिंतीच्या टेकडीपर्यंत जाऊन या. नवे बूट विमानात चढवू नका. आणि विम्याचे कागद मी पाठवते आहे, त्यावर गुडघ्याचं खरं लिहा.

तुमची,
मनू