हातमोजे वाटले म्हणजे बोटं वाचत नाहीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन आला की कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत फलक लागतात, शपथ होते, हातमोजे वाटले जातात आणि फोटो निघतो. मला त्या हातमोज्यांबद्दलच लिहायचं आहे.

कास्टिंग म्हणजे ओतीव भाग उचलायला, फेटलिंगला म्हणजे ते घासून साफ करायला, कडेची धारदार बर हाताळायला हातमोजे हवेतच. पण फिरत्या लेथवर (जॉब म्हणजे कामाचा भाग फिरवत कापणारं मशीन) किंवा ड्रिलवर तेच हातमोजे घातक. बिडाचे म्हणजे ओतीव लोखंडाचे चिप्स, कापताना निघणारे तुकडे, तुटून भुग्यासारखे पडतात. स्टीलची मात्र लांबलचक, गुंडाळत जाणारी तार निघते, आणि तिला ब्लेडसारखी धार असते. जॉबभोवती फिरणारी ती तार हाताने ओढायला गेलं की उघडं बोट कापतं. पण मोज्यात अडकली तर अख्खा हात आत ओढला जातो. जुन्या टर्नरना, म्हणजे लेथ चालवणाऱ्यांना, हे पाठ आहे. कालच कंत्राटदारामार्फत आलेल्या पोराला ते कोण सांगणार?

उपाय महागडा नाही. प्रत्येक मशीनला तार ओढायला मुठीपाशी आड असलेली आकडी (हूक) आणि एक ब्रश. चिप ब्रेकरचं इन्सर्ट (तार तोडणारं कापायचं पातं) आणि योग्य फीड (पातं पुढे सरकण्याचा वेग) ठेवला तर तार मुळात लांब होतच नाही. आणि साफसफाई मशीन थांबवूनच. इथेच घोडं अडतं. पाळीचे नग ठरलेले असताना मशीन बंद कोण करणार? मग हाताने ओढा, नाहीतर हवा मारा, म्हणजे तेच कण शेजारच्याच्या डोळ्यात.

कापलं तर कॉटन वेस्ट गुंडाळून पाळी पुरी करायची. ‘रोजचंच हाय’ हे उत्तर ठरलेलं. आत राहिलेला बारीक कण आणि कूलंटची (मशीन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) घाण यांनी बोट सुजलं, की मग दवाखाना. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं, हे बहुतेकांना आठवत नाही.

कामगार ४८ तास कामावर येऊ शकला नाही तरच अपघात सरकारला कळवावा लागतो. ईएसआयसीची (कामगार राज्य विमा महामंडळाची) बुडालेल्या मजुरीची भरपाईही अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम बुडालं तरच मिळते. पट्टी बांधून दुसऱ्या दिवशी हजर झालेला माणूस त्यामुळे कुठल्याच हिशेबात नसतो.

गोशिमा आणि स्मॅक या उद्योजकांच्या संघटनांना विनंती आहे, की सभासद कारखान्यांत अशा किरकोळ जखमांचीही मशीननिहाय नोंद ठेवायला लावावी. एकाच लेथवर महिन्यात चार बोटं कापली, तर दोष कामगाराच्या निष्काळजीपणाला देता येणार नाही.

– एक निवृत्त मशीन शॉप सुपरवायझर, राजारामपुरी, कोल्हापूर