'रिंगाण'वर अजून लिहा की

संपादक साहेब, नमस्कार,
सध्या आमच्या ग्रुपमध्ये कृष्णात खोतांची 'रिंगाण' हातोहात फिरतीये, २०२३ चा साहित्य अकादमी मिळालेली कादंबरी. धरणापायी गाव उठलं, माणसं दुसरीकडं गेली आणि मागं राहिलेली म्हैस रानटी झाली, तिला शोधायला एक माणूस परत जातो, गोष्ट म्हटली तर एवढीच, पण वाचताना जीव नुसता टांगणीला लागतो हो! काहीजणी म्हणतात कोल्हापूरकडची बोली जड जाते, मला नाही पटत, पहिली काही पानं मोठ्यानं वाचा, आपोआप लय सापडते. विस्थापितांवर बातम्या खूप येतात पण जनावरांचं काय झालं कोण विचारतं? अवॉर्डच्या आठवड्यापुरतं नको, रविवारच्या पुरवणीत अशा पुस्तकांवर वाचकांची मतं नियमित छापा ना, आम्ही पाठवू.
– एक वाचक, सांगली