परागकण पडला की फळ धरते?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परागीभवनाविषयी कुठेही वाचले तरी एक वाक्य हटकून भेटते: 'मधमाशी परागकण आणते आणि फळ धरते.' मधला सगळा प्रवास यात गळून जातो, आणि मला तर खरे नवल तिथेच वाटते.

मक्याचे कोवळे कणीस हलक्या हाताने सोलून पाहा. शेंड्याला लोंबणारा प्रत्येक रेशमी केस आतल्या एकेका दाण्याच्या जागेशी जोडलेला असतो. तुऱ्यातून वाऱ्याने उडालेला परागकण केसाला चिकटला की रुजतो. त्याला सूक्ष्म नलिका फुटते आणि ती केसाच्या आतून वाट काढत बीजांड, म्हणजे ज्याचा पुढे दाणा होतो तो भाग, गाठते. धुळीएवढा कण, वीतभर वाट, आणि हे सगळे साधारण एका दिवसात! नलिकेतून दोन नरपेशी उतरतात. एकीपासून गर्भ तयार होतो, दुसरीपासून त्या गर्भाचा शिधा. (लिलीच्या फुलात हे दुहेरी फलन सर्गेई नवाशिन यांनी १८९८ मध्ये दाखवून दिले.) ज्या केसाला परागकण मिळाला नाही, त्याच्या दाण्याची जागा कणसात रिकामी राहते. मधमाशीवाचून हे सारे होते, कारण मक्याची मदार वाऱ्यावर.

टोमॅटो-वांग्याच्या फुलात तर मधमाशी असूनही फारसा उपयोग नसतो. तिथे पराग परागकोशात कोंडलेला, बाहेर पडायला शेंड्याला बारीक छिद्र. भुंगा फूल घट्ट धरून अंग थरथरवतो, तेव्हा पराग झडतो. मधमाशीला ही थरथर साधत नाही.

भोपळ्याचा वेल मी स्वतः लावतो, म्हणून कळकळीने लिहितो. मादी फुलाखाली इवलेसे फळ आधीच दिसते. ते पिवळे पडून गळाले की लोक खत वाढवतात. पुष्कळदा उणीव खताची नसते, नर फुलाचा पराग तिथवर पोहोचलेलाच नसतो. फूल पहाटे उमलते आणि दुपारपर्यंत मिटते, म्हणजे हाताशी मोजके तास. मी सकाळी नर फुलाच्या पाकळ्या काढून त्याचे केसर मादी फुलाच्या कुक्षीवर, म्हणजे पराग झेलणाऱ्या मधल्या टोकावर, अलगद फिरवतो. आणि नेमक्या याच वेळी पुष्कळ जण कीटकनाशक फवारतात! फवारायचेच असेल तर फुले मिटल्यावर, संध्याकाळी फवारावे.

या विषयावर पुन्हा लेख छापाल, तेव्हा मधमाशीच्या छायाचित्राशेजारी सोललेल्या कणसाचेही एक चित्र द्यावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक