पंखांवर कापड चढवण्याआधी

सोलापूर

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

तू शेडमध्ये बांधतेयस त्या विमानाच्या दोन्ही पंखांवर मेच्या सुट्टीत कापड चढवून टाकायचं, असं तू परवा म्हणालीस. माझं म्हणणं, मेमध्ये नको, दिवाळीनंतर करू. फोनवर हे नीट मांडता आलं नसतं, म्हणून लिहितोय.

तू शेडमध्ये ठेवून गेलेल्या पुस्तिका मी वाचून काढल्या. इंजिनाची पानं सोडून दिली, कापडाची मात्र दोनदा वाचली. जन्म मागावर गेला, त्यामुळे ती पटकन उमगली. आपल्याकडचं पॉलिस्टर प्रोसेसिंगला जातं, तिथे स्टेंटरवर, म्हणजे कापड ताणून धरणाऱ्या यंत्रावर, गरम करून सेट होतं आणि मग ते धुतलं तरी आटत नाही. विमानाचं कापड मुद्दाम कोरं ठेवतात. त्याची आटायची ताकद पंखावर चढल्यानंतर इस्त्रीखाली वापरायची असते. तेव्हा ‘तसलंच कापड इथल्या बाजारात मिळेल’ म्हणणाऱ्या तुझ्या मित्राचं ऐकू नकोस. हाताला सारखं लागेल, पण ताण धरणार नाही, आणि फिनिशिंग केलेल्या कापडात गोंदही नीट मुरत नाही.

पूर्वी हे काम सुती कापडावर चालायचं, हे वाचून फार बरं वाटलं. राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानावर आपल्या मांजरपाटासारखं साधं सुती कापडच होतं. पुढे विमानांसाठी ‘ग्रेड ए’ सुती आलं. इंचाला ८० ते ८४ धागे, उभे तितकेच आडवे. एक इंच रुंदीची नवी पट्टी ८० पौंडांचा ताण सोसायला हवी, आणि ताकद ५६ पौंडांच्या खाली गेली की कापड उतरवायचं. असं सम विणायला किती चांगला कारागीर लागतो, हे मी सांगू शकतो. आपल्या फ्लाइंग क्लबांतली पुष्पक विमानं, १९५८ साली पहिल्यांदा उडालेली, तीही कापडी पंखांचीच.

आता मे महिना. आपल्या शेडवर पत्रे आहेत. बाहेर बेचाळीस असलं की आत उभं राहवत नाही. तुझ्या गोंदातलं पातळक (थिनर) इतकं उडतं असतं, की त्या उन्हात ब्रश फिरवेपर्यंत त्यावर साय धरेल आणि कापड वरवर चिकटेल. हाताला पक्कं वाटेल, पण आतून सुटं राहील. शिवाय अक्कलकोट रोडची धूळ. पावसाळ्यात वेगळाच त्रास. पातळक उडताना थर गार पडतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि तो पांढुरका, कमजोर होतो. नोव्हेंबरपासून जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत आपल्याकडे हवा कोरडी आणि बेताची असते. तोच काळ धरू. आणि त्या पातळकाची वाफ पेट घेते. मागांचे जुने स्टार्टर अजून भिंतीवर आहेत, त्यांतून ठिणगी उडते, ते मी काढून घेतो आणि वरच्या खिडकीत पंखा बसवतो.

मधले महिने वाया जाणार नाहीत. एकदा कापड चढलं की आतलं काही दिसत नाही, हेच मला सगळ्यात जास्त खातंय. त्यात तू बसणार आहेस. प्रत्येक फासळीचा (पंखाला आकार देणाऱ्या लाकडी पट्टीचा) जोड, तारा, कप्प्या, पिना, सगळं उजेडात एकदा तू बघ आणि एकदा तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणीतरी बघू दे. प्रत्येक खणाचे फोटो काढ. फासळ्यांना साधं व्हार्निश असेल तर गोंद ते उचलून काढेल, तिथे इपॉक्सीचंच लागेल. डाव्या पंखाच्या टोकाकडच्या दोन फासळ्या मला कोरड्याच दिसल्या. बोट फिरवलं तर लाकडाची कूस लागते.

इस्त्रीचं तर मला अगदी पटलं. आधी १२१ अंश सेल्सिअस, मग १४९, शेवटी १७७. तिन्ही टप्पे पंखाच्या खालच्या-वरच्या दोन्ही बाजूंना सारखे फिरवायचे. एकच बाजू आधी पूर्ण ताणली तर पंख पिळवटेल. मागची कड बारीक आहे, ती तर लगेच वाकेल. १७७ च्या वर गेलं की ताण वाढायचा सोडून उतरायला लागतो, आणि गेलेला ताण परत येत नाही. घरच्या इस्त्रीच्या चकतीवर ‘कॉटन’, ‘सिल्क’ लिहिलेलं असतं, त्यावर विसंबायचं नाही.

फासळ्यांचे टाके आपण दोघं घालू. उडताना वरचं कापड वर ओढलं जातं. नुसत्या गोंदावर ते फासळीपासून सुटून फुगेल, म्हणून दोरा आरपार. पंख पुढच्या कडेवर उभा करायचा. मी एका बाजूनं लांब सुई सारीन, तू पलीकडून ओढून परत दे. मी फळीवर दोन पट्ट्या ठोकून, जुनं कापड ताणून, दाभणानं पुस्तिकेतली टाक्याची गाठ घालून बघितली. मेण लावलेला दोरा गाठीत बसतो तेव्हा बोटांना कळतं, आणि ती सरकत नाही. विमानाच्या पुढच्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) झोतात येणाऱ्या फासळ्यांवर टाके जवळजवळ घ्यायचे. किती जवळ, ते तुझ्या नकाशातल्या तक्त्यावरून काढ. अंदाजानं नको.

शेवटी कापडावर ऊन अडवणारा रुपेरी रंगाचा थर द्यायचा, त्याची घाई करू नकोस, एवढं आत्ताच सांगतो. ऊन पॉलिस्टरला खातं, आणि आपल्याकडचं ऊन तुला माहीत आहे. आत दिवा धरून बाहेरून बघायचं. कुठे उजेड झिरपला तर अजून एक हात.

पुढच्या वेळी येताना चारशे अंशांपर्यंत जाणारा थर्मामीटर आण. आईच्या इस्त्रीच्या तळाला लावून चकतीच्या कुठल्या खुणेला किती अंश येतात, ते मी लिहून ठेवीन. मेची सुट्टी मात्र रद्द करू नकोस, त्या दोन फासळ्या तेव्हाच करू.

तुझे
अप्पा